पासवर्ड खरा, खरं घेईना

“अरे, हे थंडरबर्ड सारखं-सारखं पासवर्ड विचारालंय बघ. तीनदा घातला, खरं घेईनाच.”

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसातून अक्कांचा फोन होता. सोमवारची सकाळ, पुण्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मेलवर यायची होती, आणि मेल बघायचा त्यांचा प्रोग्रॅम थंडरबर्ड. मला फोन लावण्याआधी काय काय करून बघितलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, “काय करू मग? जीमेलचा पासवर्डच बदलून टाकला. आता मोबाइलवर पण विचारालंय.”

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. त्यामुळे अक्कांच्या दुखण्याचं निदान आमच्याकडे एका ओळीत होतं. पासवर्ड खरा, खरं घेईना.

पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडायची कारणं मुळात दोन जातींची. एका जातीत पासवर्ड चुकलेला असतो. दुसऱ्या जातीत तो अगदी बरोबर असतो, पण तो ज्या वाटेनं पाठवला ती वाटच पलीकडच्यानं बंद केलेली असते. पहिल्याला आपण चुकलेला पासवर्ड म्हणू, दुसऱ्याला नाकारलेला. घोटाळा असा की मेलचा प्रोग्रॅम दोन्ही वेळा तीच खिडकी समोर ठेवतो. सर्व्हर, म्हणजे मेल सांभाळणारा पलीकडचा संगणक, ‘नाही’ म्हणाला एवढंच त्याला कळतं, आणि आपण त्याचा अर्थ ‘तुझा पासवर्ड चुकला’ असा लावतो.

२०२१ साली कोविडच्या दिवसांत कर्नाटकाच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून आलेल्यांना हा फरक वेगळा समजावायला नको. कोल्हापुराकडून यायचं तर नाव बरोबर, आधार कार्ड बरोबर, बेळगावातलं घर खरं; पण कोविडच्या आरटीपीसीआर तपासणीचा दाखला नाही म्हणून गाडी परत फिरवायची. तिथं आधार कार्ड चार वेळा दाखवून काही उपयोग नव्हता, आणि नवं काढून आणूनही नसता. अक्कांनी नेमकं तेच केलं होतं. दाखला मागितला, त्यांनी आधार कार्ड बदलून आणलं.

म्हणून आधी ओळख पटवायची की आपलं दुखणं कुठल्या जातीचं. त्याच संगणकावर ब्राउजरची खासगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडा. खासगीच, कारण नेहमीच्या खिडकीत खातं आधीपासून उघडं असतं आणि पासवर्ड तपासलाच जात नाही. तिथं पत्ता आणि पासवर्ड हातानं टाइप करा. खातं उघडलं नाही, तर पासवर्ड चुकलेला आहे. उघडलं, तर पासवर्डला हात लावू नका; तो नाकारला जातोय किंवा प्रोग्रॅममध्ये जुनाच साठवलेला आहे.

चुकलेल्याची तऱ्हा आमच्या भागात थोडी निराळी आहे. ऑफिसात एकाच संगणकावर सरकारी अर्ज कन्नडात, घरगुती पत्र मराठीत आणि कोटेशन इंग्रजीत. कीबोर्डची भाषा दिवसातून दहादा बदलते आणि पासवर्डच्या रकान्यात तर नुसते ठिपके दिसतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डची रचना बहुतेक भारतीय लिप्यांना सारखीच, त्यामुळे इंग्रजी ‘के’चं बटण दाबलं तर मराठीत क उमटतो आणि कन्नडातही क-च. ठिपका मात्र तिन्ही भाषांत एकच. अशा वेळी पासवर्ड नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघायचा आणि मग पुसून टाकायचा. कॅप्स लॉकही तिथंच पकडला जातो.

दुसरं म्हणजे गावाचं नाव. गावाच्या नावावरून पासवर्ड करायचा मोह इथं बऱ्याच जणांना होतो (करू नये, खरं करतात). १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. तोंडात बेळगावच राहिलं, इंग्रजी स्पेलिंग मात्र पार बदललं. आता पासवर्ड जुन्या स्पेलिंगचा की नव्या, हा प्रश्न मी किमान तीन ऑफिसांत सोडवला आहे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. थंडरबर्डला सर्व्हरनं नकार दिला की तो तीन बटणं दाखवतो: रिट्राय, एंटर न्यू पासवर्ड आणि कॅन्सल. घाईत माणूस रिट्राय दाबत राहतो. त्या बटणानं तोच साठवलेला पासवर्ड पुन्हा पाठवला जातो, दुसरं काही होत नाही. पासवर्ड खरोखर बदलला असेल, तर मधलं बटण दाबायचं. नाहीतर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सेव्ह्ड पासवर्ड्सची यादी असते, तिथली जुनी नोंद काढून टाकायची. यादीत एकाच पत्त्याच्या दोन नोंदी दिसतील, एक मेल घेणाऱ्या सर्व्हरची, एक पाठवणाऱ्याची. दोन्ही काढायच्या.

चुकलेला पासवर्ड सापडला की काम संपतं. नाकारलेल्याला मात्र त्यामागचा कारभार समजून घ्यावा लागतो.

पूर्वी मेलचा प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवायचा आणि दर खेपेला सर्व्हरच्या हातात द्यायचा. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ही वाट ३० मे २०२२ पासून बंद केली. आता दोनच वाटा उरल्यात. पहिलीचं नाव ओऑथ २. यात प्रोग्रॅमच्या आत गूगलचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड तुम्ही गूगललाच देता, आणि गूगल प्रोग्रॅमला एक परवाना देतं. प्रोग्रॅमला पासवर्ड कळतच नाही. थंडरबर्डच्या साठवणीत पासवर्डच्या जागी एक लांबलचक अगम्य ओळ दिसली तर घाबरू नका, तो हाच परवाना.

दुसरी वाट ॲप पासवर्डची. खात्यावर दोन पायऱ्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू असेल तर गूगल सोळा इंग्रजी अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड तयार करून देतं, चार-चारच्या गटांत. तो एकदाच दिसतो. ज्या प्रोग्रॅमला ओऑथ येत नाही त्याच्या रकान्यात नेहमीच्या पासवर्डऐवजी हा घालायचा. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या २००७ आणि २०१० च्या आउटलुक प्रोग्रॅमला जीमेलसाठी दुसरा इलाज नाही. इथं लोक हटकून गोंधळतात, कारण खिडकीत नुसतं ‘पासवर्ड’ लिहिलेलं असतं. कुठला, ते नसतं. खात्याचा पासवर्ड घातला तर तो बरोबर असूनही नाकारला जातो. उलट ब्राउजरमध्ये ॲप पासवर्ड घालून बघणारेही मी पाहिलेत. तिथं तो चालत नाही, चालायचाही नसतो.

थंडरबर्डनं एप्रिल २०२२ च्या ९१.८ आवृत्तीत गूगलची खाती आपली आपण ओऑथवर नेली होती. मग अक्कांचं का अडलं? शनिवारी त्यांच्याकडे कुणीतरी विंडोज नव्यानं टाकून गेलं होतं आणि खातं हातानं जोडताना ‘नॉर्मल पासवर्ड’ निवडून ठेवलं होतं. ही निवड अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्जखाली ‘ऑथेंटिकेशन मेथड’ या नावानं असते. तिथं ओऑथ २ केलं, जुन्या नोंदी काढल्या, प्रोग्रॅम बंद करून उघडला. गूगलचं पान आलं, मेल धो-धो उतरले.

अक्का खूश. पाचच मिनिटांत पुन्हा हाक. ऑर्डरला उत्तर पाठवायला गेल्या तर खिडकी परत हजर. कारण मेल पाठवणारा सर्व्हर वेगळा आणि त्याची पद्धतही वेगळ्या जागी निवडावी लागते, डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्ये. मेल येतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत, असं असेल तर पहिला संशय या अर्ध्या दुरुस्तीवर घ्यावा. (गूगलचं पान उघडूनही कोरंच राहिलं तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद आहेत का बघा.)

मेल पाठवताना नकार आला तर खिडकीआडून डोकावणारा आकडा वाचायची सवय लावून घ्या. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५३४ म्हणजे ओळखीची पद्धत कमकुवत आहे, या वाटेनं येऊ नका. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू असलेल्या जीमेलला खात्याचा पासवर्ड दिला की ५३४ येतो आणि ॲप पासवर्ड आणा असं तो स्पष्ट सांगतो. ती पडताळणी बंद असेल तर मात्र बरोबर पासवर्डलाही ५३५ येतो. त्यामुळे ५३४ दिसला तर निर्धास्त व्हा, पासवर्डाचा दोष नाही. ५३५ दिसला तर ब्राउजरची परीक्षा घेतल्याशिवाय काही ठरवू नका.

हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमवाल्यांना आता दोन वाटाही नाहीत. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक खात्यांना बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये ओऑथ सक्तीचं केलं, ॲप पासवर्डही चालत नाही. याहूचं उलट, तिथं ॲप पासवर्ड अजून चालतो.

कंपनीच्या स्वतःच्या नावाचा मेल, होस्टिंगवाल्याकडून (भाड्यानं सर्व्हर देणाऱ्याकडून) घेतलेला, ही तिसरी गंमत. तिथं बहुधा ओऑथ नाही, ॲप पासवर्ड नाही, एकच सरळ पासवर्ड. म्हणजे नाकारलं तर चुकलेलाच असणार? नेहमी नाही. अशा सर्व्हरवर एक राखणदार बसवलेला असतो. एकाच जागेवरून चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा आला की तो त्या जागेलाच काही वेळ दार बंद करतो, मग पासवर्ड बरोबर असला तरी. ऑफिसातले सगळे संगणक एकाच ब्रॉडबँडवर, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता एकच. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात गेल्या वर्षीचा पासवर्ड साठवलेला, थंडरबर्ड मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर दहा मिनिटांनी मेल बघायला जातो, आणि शिक्षा मालकाच्या लॅपटॉपला. याची परीक्षा सोपी आहे: लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. तिथं मेल आला आणि ऑफिसच्या वायफायवर आला नाही, तर पासवर्ड निर्दोष आहे. कोपऱ्यातला संगणक शोधा आणि होस्टिंगवाल्याला तो आयपी पत्ता मोकळा करायला सांगा.

थंडरबर्ड उघडताक्षणीच, एकही मेल बघायच्या आत, पासवर्ड मागत असेल आणि त्यात प्रायमरी पासवर्ड असा शब्द असेल तर वरचं काहीच लागू नाही. ते साठवणीच्या कपाटाचं कुलूप आहे, सर्व्हरचा त्याच्याशी संबंध नाही. ते विसरलात तर रीसेट होतं, पण कपाटातले सगळे पासवर्ड पुसले जातात.

आता अक्कांनी बदललेल्या पासवर्डाचं काय झालं ते. गूगलचा पासवर्ड बदलला की जीमेलसाठी आधी दिलेले परवाने रद्द होतात आणि केलेले ॲप पासवर्डही रद्द होतात. म्हणून मोबाइल विचारायला लागला. त्याचं काही नाही, तिथं नवा पासवर्ड घातला की झालं. बुधवारी पुन्हा फोन आला. स्कॅन केलेलं चलन मशीनवरून मेलनं जाईना झालं होतं. त्या मशीनला ओऑथ येत नाही, मीच दोन वर्षांपूर्वी त्यात ॲप पासवर्ड घालून ठेवला होता आणि विसरलो होतो. तोही सोमवारी मेला होता.

नवा काढला. अक्कांनी सोळा अक्षरं वाचून दाखवली, मी मशीनच्या छोट्या पडद्यावर एकेक दाबली.

“हे आता कुठं लिहून ठेवू?”

“कुठंच नको अक्का. परत लागला तर दुसरा काढू.”

त्यांना ते काही पटलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, पाण्याच्या टँकरवाल्याच्या नंबराखाली, सोळाच्या सोळा अक्षरं त्यांनी लिहून घेतली.