हलक्या, लवचिक रोबो-हातांतील धडक-ओळख

चालता रोबो-हात माणसाला किंवा अनपेक्षित वस्तूला लागला, तर काही सहस्रांश सेकंदांत ते ओळखण्याची मापन व गणनपद्धती. कारखान्यातले अवजड रोबो कुंपणाआड चालत, त्यामुळे हा प्रश्न फारसा येत नसे. माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या हलक्या हातांनी तो ऐरणीवर आणला.

म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेन येथील जर्मन एरोस्पेस केंद्राने, म्हणजे डीएलआरने, घडवलेला तिसऱ्या पिढीचा सात सांध्यांचा हात सुमारे १४ किलोचा आहे आणि साधारण तेवढेच वजन उचलतो. असा हलकेपणा साधायला छोट्या मोटरी वेगाने फिरवतात आणि हार्मोनिक ड्राइव्ह गिअरने तो वेग शंभरेक पटींनी उतरवतात. या गिअरमधली पातळ पोलादी वाटी फिरताना वाकते, म्हणून सांध्यात स्प्रिंगसारखी लवचिकता येते. आघाताच्या क्षणी ती उपकारकच ठरते, कारण मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व धडकेपासून बरेचसे तुटून राहते. मापनात मात्र तीच आडवी येते.

मोटरच्या करंटवरून धडक ओळखता येते, पण गिअरच्या घर्षणात हलका धक्का बुडून जातो. म्हणून टॉर्क, म्हणजे सांध्याला फिरवणारा पीळ, मोजणारा सेन्सर गिअरच्या पलीकडे, हाताच्या बाजूला बसवतात. त्याने मोजलेला टॉर्क आणि गणिती प्रतिमानानुसार त्या हालचालीला लागायला हवा तो टॉर्क यांतली तफावत हाच धडकेचा पुरावा. तफावत काढायची सर्वांत देखणी रीत रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातील अलेस्सांद्रो दे लुका आणि राफाएला मात्तोने यांची. २००३ मध्ये त्यांनी ती मोटरचा बिघाड शोधण्यासाठी मांडली होती. रोबोच्या हिशेबात धडक हाही अचानक उद्भवलेला बिघाडच. यात त्वरणाऐवजी संवेगाचा, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराचा, हिशेब ठेवतात. स्थितीवरून त्वरण काढताना सेन्सरमधला गोंगाट कितीतरी पटींनी वाढतो. तो त्रास इथे टळतो. २००६ मध्ये ही रीत डीएलआरच्या या हातावर वापरून दाखवली गेली. तिचा आणखी एक गुण म्हणजे धडक ज्या भागावर झाली, त्याच्या पुढच्या, टोकाकडच्या सांध्यांत तफावत उमटत नाही, त्यामुळे कोणता भाग लागला तेही कळते. मात्र सांध्याच्या अक्षाच्या रोखाने आलेल्या बलाचा त्या सांध्याला पत्ताही लागत नाही.

सांध्यांबरोबर हाताच्या दांड्याही वाकत असतील, तर काम खरे अवघड. वेगाने थांबलेली दांडी स्वतःच थरथरते आणि ती थरथर धडकेसारखी दिसते. जर्मनीतील डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात अशा दांड्यांवर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पातळ पट्ट्या, चिकटवून त्यांचे वाकणे मोजण्याचे प्रयोग झाले. हालचालीमुळे येणारे वाकणे हिशेबातून वजा करायचे आणि उरलेली थरथर नियंत्रणाने शमवायची. कंपन जितके कमी, तितकी इशाऱ्याची मर्यादा, म्हणजे तफावत जिच्यावर गेली की धडक मानायची ती पातळी, खाली आणता येते. ही मर्यादा ठरवणे हा कळीचा निर्णय आहे. ती खूप खाली ठेवली तर हात विनाकारण अडतो, वर ठेवली तर माणसाला लागते. माणसाशेजारी चालणाऱ्या रोबोंविषयीच्या २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय मानक दस्तऐवजात शरीराच्या भागांनुसार बलाच्या मर्यादा दिल्या आहेत. दाबून धरणाऱ्या संपर्कात चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन, छातीसाठी १४० न्यूटन.

ओळख पटल्यावर हात जागीच थांबवणे हा पहिला सुचणारा उपाय, पण नेहमीच योग्य नव्हे. बोट टेबल आणि रोबो यांच्यात अडकले असेल, तर थांबलेला हात ते तसेच दाबून ठेवतो. म्हणून अनेकदा हाताला फक्त स्वतःचे वजन पेलू देऊन बाकी सैल सोडतात. मग माणूस तो हात ढकलून बाजूला करू शकतो.