रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे काय?

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की नजर ‘पॉझिटिव्ह’ या एकाच शब्दावर खिळते. मग आमच्या प्रयोगशाळेत फोन येतो आणि पलीकडचा आवाज घाबरलेला असतो. फोनवर घाईघाईत सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे पत्रक.

पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग झाला, असं नाही. हे आधी लक्षात घ्या.

पी१६ हे आपल्याच पेशींमधलं प्रथिन आहे, आणि कामाचं आहे. पेशीनं विभागायचं की थांबायचं, हे आतली प्रथिनं एकमेकांना निरोप देऊन ठरवतात. आरबी नावाचं प्रथिन विभाजन रोखून धरतं. सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरं आरबीला निष्प्रभ करतात, आणि पी१६ त्या विकरांना अडवतं.

मग चांगलं प्रथिन वाढलं तर काळजी कशाला? खरी मेख इथेच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचं ई७ प्रथिन थेट आरबीलाच पकडतं आणि त्याचा नाश घडवून आणतं. पेशी पी१६ बनवतच राहते, पण ज्याच्यासाठी बनवायचं ते आरबीच उरलेलं नसतं. ब्रेकची तार तुटल्यावरही पाय ब्रेक दाबतच राहावा, तसं. स्लाइडवर पी१६ असल्याचं दाखवणारा तपकिरी रंग हा त्या वाया गेलेल्या धडपडीचा पुरावा.

काही रिपोर्टांत पी१६ सोबत केआय-६७ हे आणखी एक प्रथिन असतं. केआय-६७ विभागणाऱ्या पेशीत दिसतं, तर पी१६ विभाजन थांबवतं. म्हणून निरोगी पेशीत ही दोन्ही एकत्र सहसा सापडत नाहीत. एकाच पेशीत दोन्ही दिसली, तर पुढची तपासणी टाळू नका.

विषाणूचं दुसरं हत्यार ई६. डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं पी५३ हे प्रथिन ई६मुळे नष्ट होतं, तेही पेशीच्याच विल्हेवाट यंत्रणेकडून. एरवी विषाणूचं ई२ प्रथिन ई६-ई७वर लगाम ठेवतं. विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत घुसताना बरेचदा ई२चं जनुक तुटतं आणि लगाम सुटतो. १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यात ई२ पुन्हा घातलं की त्यांचं विभाजन थांबतं. इतक्या दशकांनंतरही त्या पेशी ई६-ई७च्या जोरावरच वाढतात, हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

पुढे पीआय३के, एकेटी अशा वाढीच्या संदेशमार्गांतही बिघाड साचत जातात. पण याला वेळ लागतो. बहुतेक एचपीव्ही संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. जो टिकून राहतो, त्यातूनही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर कमी. हाच काळ आपल्या हातात असतो.

तेव्हा रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ते कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून पाहणं), गरज पडल्यास बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवतील. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी सोडू नका: जवळपास ७०% गर्भाशयमुख कर्करोगांमागे एचपीव्ही १६ आणि १८ हे प्रकार असतात, पण धोकादायक प्रकार तेवढेच नाहीत.

नमुना द्यायला येताना आधीचे सगळे रिपोर्ट आणा. जुन्याशी ताडून पाहता आलं, की पॅथॉलॉजिस्टना बदल नेमका कळतो.