पाकिटातला जिवाणू कसा राहते अन् उन्हात का मरते

शेतकरी भाऊ-बहिणींनो, रायझोबियमचं, म्हणजे सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळाले गाठी करून हवेतला नत्र झाडाले देणाऱ्या जिवाणूचं, पाकीट हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच येते, "हे तं काळी माती दिसते, यात आहे काय?" ती काळी भुकटी म्हणजे लिग्नाईट, एक प्रकारचा कोळसा, बसायची जागा फक्त. खरा माल त्यात बसलेला जिवाणू. सरकारी नियमानं एका ग्रॅममधे कमीत कमी 5 कोटी जिवंत पाहिजेत, तरी डोळ्याले एकही दिसत नाही, कारण हजार जिवाणू एकामागं एक लावले तं कुठं तिळाच्या दाण्याएवढी लांबी होते.

त्याचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. बाहेरून भिंत, भिंतीच्या आत पातळ पडदा, अन् आत घट्टसर रस. झाडाच्या पेशीत केंद्रक राहते तसं याच्यात नाही, डीएनएचा धागा गोल वेटोळं होऊन रसातच मोकळा पडलेला, अन् प्रोटीन बनवणारे रायबोसोम गच्च भरलेले. काहींले बारीक शेपट्या राहतात, फ्लॅजेला म्हणतात त्यांले, मातीत ओल असली तं त्याच्यावर पोहत मुळापर्यंत जातात.

आता प्रकार. आकारावरून गोल, कांडीसारखे अन् मळसूत्री. आमचा रायझोबियम कांडीवाला, स्फुरद मोकळा करणारा बॅसिलसही कांडीवाला, ज्वारीचा अझोस्पिरिलम थोडा वाकडा. पण आकारापेक्षा कामाची आहे ती ग्रॅम टेस्ट, 1884 मधे डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी काढलेली. जांभळा रंग लावायचा, मग स्पिरिटनं धुवायचा. जाड भिंतीवाल्यात जांभळा टिकते, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंतीवाल्यातला धुऊन जाते, नंतर लावलेला गुलाबी दिसते, ते ग्रॅम निगेटिव्ह. बॅसिलस जांभळा निघते, अन् वेळ वाईट आली तं स्वतःभोवती कडक कवच करून बीजाणू होऊन पडून राहते. रायझोबियम गुलाबी निघते, त्याले हे कवच जमतच नाही, म्हणून ऊन त्याले सर्वात आधी मारते.

मागच्या हंगामात एका भाऊनं पाकीट दोन दिवस गाडीच्या डिक्कीत ठेवलं, भर जूनच्या उन्हात, अन् मग पेरलं, मुळाले गाठीच आल्या नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, पाकीट घरात थंड सावलीत ठेवा. बियाण्याले बुरशीनाशक अन् कीटकनाशक आधी लावा, जिवाणू सर्वात शेवटी, 10 किलोले 250 ग्रॅम. सोयाबीनचं टरफल नाजूक, जोरानं चोळू नका, हलक्या हातानं लावून सावलीतच सुकवा अन् त्याच दिवशी पेरा. रासायनिक खतात तं मिसळूच नका. अन् सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याले चालत नाही बरं, दोघांचा जिवाणू वेगळा.

काम झालं की नाही ते पाहाले, पीक फुलावर आलं की एक झाड फावड्यानं मातीसकट काढा, ओढू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मूळ बादलीत धुवा अन् एक गाठ नखानं चिरा. आतून मासासारखी लाल-गुलाबी निघाली तं जिवाणू हवेतला नत्र ओढून झाडाले देऊन राहिला, आपल्या रक्तात राहते तसल्याच रंगाचं द्रव्य त्यात राहते. पांढरी किंवा हिरवट निघाली तं ते झाड तसंच ओल्या कपड्यात गुंडाळून आमच्याकडं घेऊन या, सोबत बसून पाहू.