बेरोजगारी भत्ता, विमाधारक कामगारांचा (ठाणे–नवी मुंबई)

बेरोजगारी भत्ता : नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारास कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआयसी) ठरावीक मुदतीपर्यंत मिळणारी रोख रक्कम. ठाण्यातील वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचा रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा येथे विचारात घेतला आहे. नोकरी सुटल्यावर पीएफमधून काढलेली रक्कम पुष्कळदा भत्त्यातच धरली जाते. वस्तुतः ती कामगाराची स्वतःची बचत होय.

भत्त्याचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक मत तो १९५३ पर्यंत मागे नेते. त्या वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या (काम नसल्याने कामगाराला तात्पुरते बसवून ठेवण्याच्या) काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई, तर कामगार-कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक झाले. मात्र हा बोजा मालकाचा. कारखाना डबघाईला आला की तीही वसुली अडते. दुसरे मत महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याकडे बोट दाखवते. मागूनही काम न मिळाल्यास भत्ता, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. पण ती हमी ग्रामीण भागातील अकुशल श्रमापुरती होती. मुरबाड–शहापूरच्या मजुराला ती लागू, वागळे इस्टेटच्या फिटरला नाही. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणाऱ्या आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाचा विषय आजारपणाचा विमा हा होता आणि त्यावर उभ्या राहिलेल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातही आजारपण, बाळंतपण, कामावरील इजा यांसाठी लाभ होते, बेरोजगारीसाठी नव्हता. ही विमा योजना मुंबईत १९५४ च्या सुमारास आली. वर्गणीच्या निधीतून दिला जाणारा भत्ता १ एप्रिल २००५ च्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेपासूनचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारखाना बंद पडणे, कायदेशीर कपात किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व, ही तिची कारणे.

त्याहून व्यापक अशी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक म्हणून सुरू झाली व तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. तिचा लाभ आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळतो. दैनिक सरासरी वेतनाच्या २५ टक्के हा सुरुवातीचा दर २४ मार्च २०२० पासून ५० टक्के झाला. दोन वर्षांतील चारही वर्गणी कालखंडांत प्रत्येकी ७८ दिवसांची वर्गणी हवी, ही मूळ अट होती. ती सैल होऊन बेरोजगारीच्या लगतपूर्वीच्या कालखंडात ७८ आणि उरलेल्या तीनपैकी एकात ७८ दिवस पुरेसे ठरले. वर्गणीचे कालखंड एप्रिल–सप्टेंबर व ऑक्टोबर–मार्च असे आहेत.

दराहून महत्त्वाचा आहे भाजक. चार कालखंडांतील एकूण वेतनाला ७३० ने भागून दैनिक सरासरी काढतात. दरमहा १८,००० रुपयांवर सलग दोन वर्षे काम केलेल्यास ५० टक्के दराने दिवसाला सुमारे २९६ रुपये, ९० दिवसांचे सुमारे २६,६०० रुपये होतात. कंत्राटदाराने मधूनमधून ‘ब्रेक’ दिलेल्या कामगाराचे जेमतेम १५६ दिवस, ६०० रुपये रोजाने भरले असतील, तर हाच भाजक लावल्यास हाती सुमारे ५,८०० रुपये पडतात. अट सैल झाली तरी खंडित नोकरीची झळ हिशेबात उरते, ती अशी.

अर्ज एबी–१ नमुन्यात, विमा क्रमांकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर करावयाचा असतो. पूर्वी तो मालकामार्फत जाई, आणि बेरोजगारीच्या ९० दिवसांनंतर. २०२० च्या सवलतीने ३० दिवसांनंतर थेट शाखा कार्यालयाकडे दावा करता येऊ लागला. त्याच वर्षी प्रतिज्ञापत्राची अटही गेली. आधार व बँक खात्याचा तपशील लागतो. येथे मालकाने मासिक विवरणात भरलेला कारण-संकेतांकही पाहून ठेवावा : ‘२’ म्हणजे नोकरी सोडली, ‘१०’ म्हणजे कपात. कपात झालेल्याकडून राजीनामा लिहून घेतला की नोंद ‘२’ ची होते, आणि मग २००५ च्या योजनेतील कपातीचा दावा सिद्ध करणे अवघड जाते. गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानानुसार वा स्वेच्छेने निवृत्ती यांना २०१८ ची योजना लागू नाही.

विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये (अपंगांसाठी २५,०००) झाली. त्यामुळे ऐरोली–महापेच्या आयटी संकुलांतील अभियंते बहुधा बाहेर राहतात, तेथीलच सुरक्षारक्षक व सफाई कामगार आत येऊ शकतात. तुर्भ्याच्या बाजार समितीतील माथाडींची व्यवस्था १९६९ च्या स्वतंत्र कायद्याखाली, मंडळामार्फत चालते.