गॅमा किरण प्रतिमांकन, अर्धसंवाहक अभिज्ञातकाधारित

गॅमा किरणांची ऊर्जा आणि त्यांच्या येण्याची दिशा अर्धसंवाहक स्फटिकाच्या अभिज्ञातकाने (किरण ओळखणाऱ्या साधनाने) मोजून किरणोत्सर्गी द्रव्याचे स्थान चित्ररूपाने दाखविण्याची पद्धती. साध्या किरणोत्सर्गमापकावर जागेवरील मात्रा कळते, दिशा कळत नाही. नाशिक जिल्ह्यात लासलगाव (ता. निफाड) येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002–03 च्या सुमारास उभारलेल्या ‘कृषक’ या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-60 चे गॅमा किरण देतात (त्यामुळे कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे). तेथे उद्गमाची (किरण देणाऱ्या द्रव्याची) जागा ठरलेली आणि जाड भिंतींआड असते. प्रस्तुत पद्धतीची खरी गरज पडते ती उद्गम नेमका कोठे आहे हेच ठाऊक नसते तेव्हा. नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडवर अनेक वर्षे चाललेल्या भंगार बाजारासारख्या दाटीच्या जागी पत्रे, पाइप व ओतीव तुकड्यांवरून विखुरलेले किरण चोहोबाजूंनी येतात; मापकातील आकडा वाढतो, पण कोणता ढीग उपसावा हे समजत नाही, आणि शोधणाऱ्याला जवळ जावे लागल्याने त्याच्या अंगावर मात्रा पडत राहते. या पद्धतीचा कॅमेरा काही मीटर अंतरावर तिवईवर ठेवला, तर साध्या छायाचित्रावर रंगाचा डाग उमटून ढीग ओळखू येतो.

अभिज्ञातक : गॅमा किरणाने अर्धसंवाहकात ऊर्जा सोडली की इलेक्ट्रॉन व पोकळी (इलेक्ट्रॉन सुटल्याने राहिलेली रिकामी जागा) यांच्या जोड्या निर्माण होतात. एका जोडीस जर्मेनियममध्ये सु. 3 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एकक), तर कॅडमियम झिंक टेल्युराइडमध्ये सु. 4.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे सिझियम-137 चा 662 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टांचा किरण पूर्ण शोषला गेल्यास जर्मेनियममध्ये 2 लाखांहून अधिक, तर टेल्युराइडमध्ये सु. 1 लाख 40 हजार जोड्या मिळतात. जर्मेनियमचे ऊर्जा-विभेदन (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता) सर्वांत चांगले असते; परंतु ते द्रव नायट्रोजनाच्या तापमानाजवळ थंड ठेवावे लागते. टेल्युराइड खोलीच्या तापमानास चालते, म्हणून हाती नेण्याच्या उपकरणांत तेच रूढ होत गेले. त्याचा दोष असा की, त्यातील पोकळ्या मंद सरकतात व वाटेतच अडकतात. यावर पॉल ल्यूक यांनी 1994 मध्ये केवळ इलेक्ट्रॉनांचा संकेत मोजणारी समतलीय जाळीची रचना सुचविली. लहान चित्रबिंदूंत विभागलेल्या धनाग्रानेही हाच हेतू साधतो. शिवाय ऋणाग्र व धनाग्र यांवरील संकेतांच्या गुणोत्तरावरून आंतरक्रियेची खोली कळते. एकाच स्फटिकातून त्रिमितीय स्थान मिळण्याचे मूळ यात आहे.

दिशा ठरविणे : यासाठी सांकेतिक मुखवटा (अनेक छिद्रे असलेला जड धातूचा पडदा; त्याच्या सावलीवरून दिशा काढतात) आणि काँप्टन प्रकीर्णन (इलेक्ट्रॉनावर आदळून किरणाची दिशा बदलणे व ऊर्जा घटणे) असे दोन मार्ग आहेत. मुखवट्याची कल्पना रॉबर्ट डिकी व जे. जी. एबल्स यांनी 1968 मध्ये स्वतंत्रपणे मांडली असे सामान्यतः मानतात, तथापि एल. मर्ट्झ व एन. यंग यांचे 1961 चे फ्रेनेल पट्टिकेचे (एककेंद्री वर्तुळाकार पट्ट्यांच्या पडद्याचे) काम त्याआधीचे असल्याने काहीजण श्रेय त्यांना देतात. छिद्रांच्या यदृच्छ मांडणीचा विचार करता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मुखवटा कमी ऊर्जेस उत्तम चालतो, पण कोबाल्ट-60 चे किरण निम्म्यावर आणण्यास सु. 12 मिमी. शिसे लागत असल्याने तो फार जड होतो.

दुसऱ्या मार्गाने चालणाऱ्या काँप्टन कॅमेऱ्याच्या उगमाबाबतही मतभेद आहेत. फोल्कर शोनफेल्डर व सहकाऱ्यांनी 1973 मध्ये खगोलीय दूरदर्शकासाठी, तर आर. डब्ल्यू. टॉड, जे. एम. नाइटिंगेल व डी. बी. एव्हरेट यांनी 1974 मध्ये वैद्यकीय उपयोगासाठी ही रचना मांडली. दोन्ही कामे स्वतंत्र दिसतात. मनबीर सिंग यांनी 1983 मध्ये जर्मेनियम अभिज्ञातक व अँगर कॅमेरा (रुग्णालयांत वापरला जाणारा गॅमा कॅमेरा) यांची जोडणी सुचविली. तत्त्व सोपे आहे. 662 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या किरणाने पहिल्या ठिकाणी 200 व दुसऱ्या ठिकाणी उरलेले 462 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट सोडले, तर काँप्टन यांच्या सूत्रानुसार प्रकीर्णन कोन सु. 48 अंश येतो, आणि उद्गम तेवढ्या अर्धकोनाच्या शंकूवर कोठेतरी असला पाहिजे. अनेक घटनांचे शंकू जेथे एकमेकांना छेदतात तेथे उद्गम. ऊर्जा जितकी अचूक मोजली जाईल तितका शंकू काटेकोर ठरतो. अर्धसंवाहकाला पसंती मिळते ती मुख्यतः यासाठी.

उपयोग : फुकुशिमा येथील 2011 च्या अपघातानंतर जपानात सिझियमचे साठे शोधण्यासाठी सिलिकॉन व कॅडमियम टेल्युराइड यांचे काँप्टन कॅमेरे वापरण्यात आले. भारतात 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 पोहोचून एकाचा मृत्यू झाला; असा उद्गम दुरूनच शोधण्यास ही पद्धती उपयोगी आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोलीय उपग्रहावर सांकेतिक मुखवटा व कॅडमियम झिंक टेल्युराइडाचे 16,384 चित्रबिंदू असलेले उपकरण आहे. त्याच्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) यांचा वाटा आहे. दूरच्या उद्गमाची एका जागेवरून केवळ दिशा कळते. अंतर हवे असल्यास कॅमेरा दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा चित्र घ्यावे लागते.