जीपी प्रॅक्टिस ‘सेफ सर्जरी’ करायची आहे? नोंदणीचे कागद, ट्रेनिंग आणि काउंटरवरच्या चुका

इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला कोणते कागद लागतात? एकही नाही. पासपोर्ट नको, व्हिसा नको, वीजबिल नको, एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नंबरसुद्धा नको. तरीही आश्रय मागणारी माणसं काउंटरवरूनच परत जातात, कारण ‘ॲड्रेस प्रूफशिवाय फॉर्म घेऊ नकोस’ असं रिसेप्शनवरच्या माणसाला कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं असतं. डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड या संस्थेचं ‘सेफ सर्जरीज’ ट्रेनिंग नेमकं या काउंटरसाठी आहे (तिथे जीपीच्या दवाखान्यालाच ‘सर्जरी’ किंवा ‘प्रॅक्टिस’ म्हणतात). एनएचएसमध्ये काम करणारे मराठी डॉक्टर आणि प्रॅक्टिस मॅनेजर यांना ते माहीत असलेलं बरं.

पात्रतेची अट फारशी नाही: जीपी प्रॅक्टिस असली की झालं. ट्रेनिंग मोफत. प्रॅक्टिसच्या नावानं नोंदणी करायची आणि सात गोष्टींची तयारी दाखवायची. पत्त्याच्या पुराव्यासाठी अडून बसायचं नाही, ओळखपत्रासाठीही नाही. व्हिसा विचारायचाच नाही. माहिती सुरक्षित राहील हे पेशंटला सांगायचं, गरज असेल तिथे दुभाषा द्यायचा, पोस्टर लावायचं. सातवी गोष्ट म्हणजे स्टाफला ट्रेनिंग आणि नोंदणीचं सर्वसमावेशक धोरण. सुरुवात या सातवीपासून करा आणि धोरण लेखी ठेवा. रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेला की तोंडी सूचनाही त्याच्याबरोबर जाते.

पेशंटची नोंदणी ऑनलाइन होते किंवा कागदी फॉर्मवर. घर नसलेल्याला मित्राचा पत्ता देता येतो, अगदी प्रॅक्टिसचाच पत्ताही चालतो. नाही म्हणायचं तर यादी बंद आहे किंवा पेशंट हद्दीबाहेर राहतो असं रास्त कारण हवं, आणि ते १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. ‘कागद नाहीत’ हे कारण होत नाही.

आता चुका. आश्रय मागणाऱ्या, सरकारनं हॉटेलात ठेवलेल्या माणसाला ‘तात्पुरता पेशंट’ म्हणून घालायची सवय फार. तात्पुरती नोंदणी ३ महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी असते. तिच्यात जुनं रेकॉर्ड येत नाही, लसीकरणाची आणि तपासण्यांची बोलावणी निघत नाहीत. हॉटेलातला मुक्काम बहुधा लांबतोच, म्हणून पहिल्या दिवशीच कायमची नोंदणी करा.

दुसरी चूक नावाची. एरिट्रियातल्या माणसाचं दुसरं नाव वडिलांचं, तिसरं आजोबांचं, आडनाव नसतंच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. फॉर्मवर मात्र ‘सरनेम’ची चौकट भरावीच लागते. मग एकाच माणसाची नावं एका कागदावर एका क्रमानं, दुसऱ्यावर दुसऱ्या क्रमानं पडतात आणि दोन रेकॉर्ड तयार होतात. त्यात खरी जन्मतारीख माहीत नसलेल्या अनेकांची तारीख कागदोपत्री १ जानेवारी असते, म्हणजे नुसत्या तारखेवरून माणूस जुळवणं धोक्याचं.

दुभाषा मागवताना देश सांगून भागत नाही, भाषा विचारा. अफगाण पेशंटची दरी की पश्तू, कुर्द पेशंटची सोरानी की कुर्मांजी, हे फोन लावण्याआधी पक्कं करा आणि अपॉइंटमेंट दुप्पट वेळेची ठेवा. मुलाला आईचा दुभाषा करू नका. बाळंतपणाचं किंवा मारहाणीचं ती त्याच्यासमोर बोलणार नाही.

औषधांसाठी एचसी२ सर्टिफिकेट लागतं. ते असलं की इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचे पैसे लागत नाहीत, दात आणि डोळ्यांची तपासणीही त्यात येते. सरकारी मदत न मिळणाऱ्यानं एचसी१ फॉर्म भरायचा. बचत १६,००० पौंडांच्या आत हवी. सर्टिफिकेटवरची मुदतीची तारीख पाहून ठेवा, ती संपली की फार्मसीत पुन्हा पैसे मागतात.

हॉस्पिटलला रेफर करताना पेशंट बिलाला घाबरतो. निर्वासित आणि आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेले, दोघांनाही हॉस्पिटलचे उपचार मोफत आहेत. टीबी आणि एचआयव्हीचे उपचार तर कुणालाही मोफत. हे रेफरल लेटर हातात देतानाच सांगा.