हिरवा बटाटा उकडला की झालं?

‘बटाटा हिरवा पडला तरी चालतो, कुकरच्या तीन शिट्ट्यांत विष मरतं.’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. शिजवल्याने जंतू मरतात, त्यावरून असं वाटणं साहजिकच. पण हिरव्या बटाट्यातलं विष, म्हणजे सोलॅनिन, हा जंतू नाही, रसायन आहे. कुकरमधल्या साधारण 120 अंशांना ते मोडत नाही. गंमत म्हणजे हिरवा रंग निव्वळ हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. मात्र ज्या उजेडाने तो येतो, त्यानेच सोलॅनिनही वाढतं. पडताळायचंय? एक बटाटा खिडकीत ठेवा, दुसरा पोत्यात, अंधारात. आठ-दहा दिवसांत खिडकीतला हिरवट दिसू लागेल. सोलॅनिन सालीत आणि कोंबांपाशी जास्त असतं, म्हणून जरासा हिरवा असेल तर तो भाग जाडसर कापून टाकायचा. बराच हिरवा किंवा कडू लागणारा मात्र सरळ फेकायचा.